फ्रान्सवाल्याचा खंड्या

शेवटच्या रविवारी आम्ही मोटार ढकलली. नवीन काही नाही, दर रविवारी ढकलायचो तशीच. शेडमधून निघून कडुलिंबाच्या सावलीपर्यंत, चौदा पावलं. स्टिअरिंगवर मास्तर, मागे मी.

"कोनेरी, हळू! पुढे वळण आहे."

"वळण कुठलं, मास्तर? सरळ अंगण आहे."

"तू मागे आहेस. तुला काय दिसतंय?"

तेही खरंच. अकरा वर्षं मला त्या मोटारीचं ढुंगणच दिसलं. बॅटरी कधीच मेलेली, म्हणून हॉर्न मास्तर तोंडानं वाजवायचा. पाँ, पाँ. अंगणात हॉर्न वाजवावा असं कोण? एक मांजर आणि कमलावहिनी, मास्तरची बायको. मांजर बाजूला व्हायचं. वहिनी व्हायच्या नाहीत. मोटार सावलीत थांबली रे थांबली की त्या बॉनेटवर फडकं पसरून तांदळाच्या कुरडया वाळत घालायच्या. काळा पत्रा चांगला तापतो म्हणायच्या. त्या मोटारीचा कुणाला उपयोग झाला असेल तर तेवढाच.

का ढकलायचो? जुनी मोटार एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात. म्हणून सकाळी चौदा पावलं बाहेर, संध्याकाळी चौदा पावलं आत. एकाच दिशेनं ढकलली असती तर एव्हाना तिरुविडैमरुदूरला तरी पोचली असती.

त्या रविवारी ढकलताना बॉनेटच्या टोकावरचं पाखरू हललं. चकचकीत खंड्या, चोच खाली करून पाण्यात सूर मारणारा. मास्तर उतरला, त्यानं बोटानं चाचपलं.

"बोल्ट ढिला झालाय. उद्या सकाळी पाना घेऊन ये. काढून नीट बसवू."

त्या दोन शब्दांची, 'काढून बसवू'ची, मी तीन वर्षं वाट बघत होतो. पण तोंडानं एवढंच म्हटलं, "शेरि, बरं, मास्तर." आम्ही कॉफी प्यायलो, तो आत गेला, मी घरी आलो. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. संध्याकाळी मोटार आत ढकलायची राहून गेली.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो आणि मागे अरे-तुरे. आता तो पुढेही नाही, मागेही नाही. तेव्हा अरे-तुरेच चालू ठेवतो.

नाव सेतुमाधवराव. कुंभकोणच्या एका शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर. त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांना आजही मडकं सोडून दुसरं काही काढता येत नाही. ताठ मान, कपाळावर गंध, खांद्यावर धुवट अंगवस्त्र, आणि त्या अंगवस्त्राचं एक टोक फक्त मोटार पुसायला राखलेलं. दुसऱ्या टोकानं तो तोंड पुसायचा. घाईत टोकं बदलायची, मग गंधाशेजारी ग्रीस.

आमची दोघांची घराणी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेली. तो सांगायचा, त्याचे पूर्वज राजांच्या रथखान्याचे कारभारी. आमचे पागेत. "म्हणजे बघ कोनेरी, घोडे तुमचे, रथ आमचे." म्हणजे लीद आमची आणि गादी त्यांची. राजे गेले, रथ गेले, घोडे गेले, तरी तो आत बसलेला आणि मी मागून ढकलतोय.

मी चौथी शिकलो, तीही तमिळात. घरात मराठी बोलायचो पण अक्षर येत नव्हतं. ही अक्षरं मास्तरनं मला साठी उलटल्यावर शिकवली, त्याच्या ओट्यावर, खडूनं. गोल नीट आला नाही की खडू फेकून मारायचा. पहिला शब्द कुठला शिकवला? आई नव्हे, राम नव्हे. 'मडगार्ड'. ह्या लिहिण्यात चूक सापडली तर दोष कुणाला द्यायचा ते कळलं असेल.

मोटारी कुणीतरी कागदावर आधी काढतं, हे मला त्याच्याकडून कळलं. मला वाटायचं, साच्यात इडली होते तशी कारखान्यात मोटार होते. असं म्हटलं की मास्तर दोन्ही कान झाकायचा. मग व्याख्यान. नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. एक इटलीवाला, त्याला म्हणे कोपरा दिसला की ताप यायचा. एक इंग्लंडवाला, त्यानं बायकोची टोपी बघून मोटारीचं छप्पर काढलं. आणि तिसरा फ्रान्सवाला. त्याच्याविषयी बोलायचं झालं की मास्तर आधी तोंडातला विडा थुंकून चूळ भरायचा. कुंभकोणचं पान अर्ध्यावर थुंकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"रेघ, कोनेरी, रेघ! तो रेघ ओढायचा नाही. वाऱ्याला ओढू द्यायचा."

"मग पगार वाऱ्याला का नाही दिला?"

"तू गप."

ह्या व्याख्यानांना तिसरा माणूस असायचा तो शण्मुगम. तिरुनागेश्वरम्‌ला त्याची भाताची मिल. त्याचीही जुनी मोटार, पण ती चालायची, आणि ह्याचा मास्तरला मनापासून तिटकारा. "चालते म्हणजे काय? बैलगाडीही चालते." दोघं तमिळात भांडायचे आणि मधे मी. मास्तरला वाटायचं शण्मुगमकडे पैसा आहे पण डोळा नाही. शण्मुगमला वाटायचं मास्तरकडे डोळा आहे पण इंजिन नाही. दोघांचंही बरोबर होतं.

हा एवढा डोळा फोनवर मात्र आंधळा. जुने भाग विकणाऱ्यांच्या जाहिराती तो दिवसभर बघायचा. एकदा एका कर्नलच्या विधवेनं विलायतेहून कळवलं, नवऱ्याची लाडकी मोटार आहे, भाग सुटे करून विकते, डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. मास्तरच्याही डोळ्यांत पाणी. मी फोटो बघितला. मोटारीमागे केळ, लोंगरासकट.

"मास्तर, विलायतेत केळ?"

"काचघरात लावतात."

"आणि काचघरात मोटार ठेवतात?"

"श्रीमंत लोक आहेत रे."

महिन्याभरानं पार्सल आलं. दाराच्या दोन मुठी, दोन्ही डाव्या दाराच्या. मास्तरनं एक डावीकडे बसवली आणि दुसरी उजवीकडे उलटी. त्या दिवसापासून उजवं दार उघडायचं तर मूठ वर उचलावी लागायची. हीसुद्धा इटलीवाल्याची युक्ती आहे असं त्यानं शण्मुगमला सांगितलं, आणि शण्मुगमनं ऐकून घेतलं. डोळा नाही म्हणतात तो असा.

मग तिरुवलंचुळीचं घड्याळ. 'दुर्मिळ मोटारीचं घड्याळ' अशी जाहिरात आणि विकणारा इथला, बसनं अर्ध्या तासावर. आम्ही गेलो. पांढऱ्या विनायकाला नमस्कार करून घर शोधलं. माणूस बिचारा साधा होता, आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाचं यंत्र काढून त्यानं एका पितळी डबीत बसवलेलं. मास्तरनं एका नजरेत ओळखलं. मला वाटलं आता शिव्या घालेल. तर ह्यानं त्याला समोर बसवून खऱ्या घड्याळाचा आकडा कसा असतो, काटा कसा निमुळता असतो, कुठल्या साली कुणी काढला, हे तासभर समजावलं. कागदावर काढूनही दिलं. माणूस हात जोडून ऐकत होता, ताक पाजलं, बसपर्यंत पोचवायला आला. पंधरा दिवसांनी शण्मुगम नाचत आला, "मास्तर, काय घड्याळ मिळालंय! आकडा बघा, काटा बघा!" मास्तरनं बघितलं. तेच. आकडे त्याच्या चित्राबरहुकूम.

"छान आहे," मास्तर म्हणाला. शण्मुगम गेल्यावर मला म्हणाला, "विद्यार्थी हुशार निघाला." तीस वर्षांत त्याच्या तोंडून विद्यार्थ्याची स्तुती मी तेवढीच ऐकली.

आता खंड्याचं.

मी स्वामीमलैच्या एका ओतकामाच्या पट्टरैत, म्हणजे कारखान्यात, चाळीस वर्षं कानस चालवली. तिथं देवांच्या मूर्ती होतात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपायचा, भाजायचं. मेण वाहून जातं, त्या पोकळीत पंचधातू ओततात. मेणात जे असेल ते धातूत उतरतं, सुरकुती असो की केस असो. मग माती फोडून खडबड घासायची, ते माझं काम. मेणाचं काम अंबू करायची. अंबू माझी बायको. हात तिचा, पण नाव पट्टरैच्या मालकाचं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी चेन्नईहून एक माणूस आला. पुसट फोटो दाखवून म्हणाला, अशी बारा पाखरं पाहिजेत, भिंतीवर लावायला. फोटोत काय आहे तेच कळेना. अंबू म्हणाली, "खंड्या असणार," आणि आमच्या कालव्याच्या तारेवर रोज बसणारा खंड्या बघून तिनं मेण केलं. चित्रा म्हणजे चैत्राचा महिना, आग ओकणारं ऊन. एका पाखराची मान दुपारच्या उन्हात डावीकडे कलली. मी म्हटलं, मोड, दुसरं कर. ती म्हणाली, "राहू दे हो. मासा तिकडेच गेला असेल."

पाखरू उभं करायला तिनं खालच्या पोकळीत अंगठा दाबला होता. तिच्या उजव्या अंगठ्यावर तिरका वण, केळफूल चिरताना विळी लागलेली. तो वणासकट धातूत उतरला. तो घासून काढायचा, हे माझं काम. खालचं कोण बघतं म्हणून मी नाही घासला. माझा आळस आयुष्यात कामाला आला तो एकदाच.

मास्तर तेव्हा पट्टरैत येऊन बसायचा आणि अंबूला डिवचायचा. "अंबाबाई, तुमचं काम म्हणजे नक्कल. हात चांगला आहे, पण डिझाइन ही वेगळी गोष्ट." अंबू मेणावरची नजर न काढता म्हणायची, "होय मास्तर. आमची नक्कल देवळात जाते. तुमचं डिझाइन अंगणाबाहेर कधी जाणार?" हसताना मास्तरचं पोट हलायचं. मग तिच्याकडूनच ताक मागून प्यायचा.

अंबू चार वर्षांपूर्वी गेली. फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा एक, त्यात ती कुणालाही ओळखू येत नाही. मेणाचं काम करणाऱ्याचं मागे काही राहत नाही. मेण वाहून जातं.

ती गेल्यावर वर्षभरानं मास्तरकडे पार्सल आलं. उघडायला मला बोलावलं. अंगावर शहारे आणून तो म्हणाला, "कोनेरी, फ्रान्सवाल्याचा खंड्या. अस्सल. जगात मोजून चार-पाच." मी हातात घेतला. मान डावीकडे कललेली. उलटा केला. आत अंगठा, अंगठ्यावर तिरका वण.

मी सरळ बोलणारा माणूस. भटजीला तोंडावर सांगतो, मंत्र चुकला. डॉक्टरला सांगितलंय, तुमच्यानं होत नाही. त्या दिवशीही सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मास्तर म्हणाला, "मान बघ. हा कल बघ! दुसरा कुणी असता तर सरळ ठेवली असती. ह्यानं पाण्यातला मासा न दाखवता दाखवला. ह्याला म्हणतात डिझाइन. असा हात पुन्हा व्हायचा नाही."

मी तोंड मिटलं.

त्यानंतर दर रविवारी ते व्याख्यान. शण्मुगम म्हणायचा, "मास्तर, बनावट आहे. फोनवरचे चोर आहेत सगळे." मास्तर चवताळायचा. "बनावट? अशी मान बनावट करता येते? करून दाखव!" आणि मी भिंतीला टेकून ऐकायचो. अंबू जिवंत असताना तिच्या कामाला कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तर मोड म्हणालो होतो. खरं सांगितलं असतं तर पाखरू मला मिळालं असतं, पण व्याख्यान बंद झालं असतं. आणि मास्तर मेला असता लाजेनं.

पण अंगठा मला हवा होता. मास्तरनं पाखरू बोल्टनं असं आवळलं होतं की कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा बोल्ट सुटला की पोकळीत मऊ मेण दाबायचं. दाब मेणावर उलटा उतरतो, म्हणजे खळगा नव्हे, अंगठाच मिळतो. वणासकट. ह्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तीन वर्षं मी मोटार ढकलायला येतो असं मास्तरला वाटायचं. मी बोल्ट ढिला व्हायची वाट बघत होतो.

त्या रविवारी घरी येऊन मी मेण मळायला बसलो. राळ घातली, शेंगतेल घातलं. गोळा लोट्यातल्या पाण्यात सोडला आणि निरोप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. कमरेला पाना, हातात लोटा. मयताच्या घरी पाना घेऊन जाणारा मीच पहिला असेन. मास्तर ओसरीवर निजवलेला, अंगावर ते अंगवस्त्र, ग्रीसचं टोक वर. मुलगा श्रीनिवास हैदराबादेहून येऊन पोचलेला. शण्मुगम खांबाला टेकून रडत होता. मला बघून म्हणाला, "पाखरू खरंच होतं, कोनेरी. मी जळत होतो म्हणून बनावट म्हणायचो." मग श्रीनिवासचा हात धरला. "तंबी, मोटारीचं काय ते तू बघ. पण तो खंड्या मला दे. मास्तरची आठवण म्हणून देवघरात ठेवीन."

श्रीनिवास म्हणाला, "घेऊन जा, मामा. आजच न्या."

आता एक वाक्य बोललो असतो की काम झालं असतं. बनावट आहे, माझ्या बायकोनं केलंय, सोड. शण्मुगमनं सोडलं असतं. आणि तेरावा होईपर्यंत तिरुनागेश्वरम्‌पासून स्वामीमलैपर्यंत सगळे म्हणाले असते, मास्तरला शेवटपर्यंत फसवलं बघा, बाईनं केलेलं मेण फ्रान्सचं म्हणून पूजत बसला. वाक्य जिभेवर होतं. मी ते गिळलं. कडू लागलं.

अंगणात तिरडी बांधायची होती आणि मधे मोटार. श्रीनिवास म्हणाला, ढकला. सहा जण मागे लागले. आत कुणी बसेना. कमलावहिनी दारातून म्हणाल्या, "कोनेरीभावोजी, तुम्ही बसा. त्यांना दुसरं कुणी चाललं नसतं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी आत बसलो. सीट मास्तरच्या मापानं खचलेली. समोर काच, काचेपुढे लांब बॉनेट, टोकाला खंड्या, मान डावीकडे. आणि मोटार निघाल्यावर दिसलं, विहिरीचा कठडा वाटेत येतो. चाक वळवावं लागतं. विहीर मी रोज बघत होतो, पण मागून कधी कळलं नाही. वळण होतं तिथं. मी तोंडानं हॉर्न वाजवला नाही. पण वळवलं बरोबर.

मोटार आत गेली, माणसं तिरडीकडे गेली. मी ओसरीवर आलो. मास्तरच्या उशाशी दिवा होता. मेण धातूला चिकटू नये म्हणून तेल लागतं. मी वाकून दिव्यातलं तेल दोन बोटांवर घेतलं आणि वाकलोच होतो म्हणून त्याच्या कानात सांगितलं, "मास्तर, तो फ्रान्सवाला म्हणजे आमची अंबू. ऊन होतं, मेण वाकलं." भटजी म्हणाले, बरं केलंत, रामनाम घातलंत.

शेडमध्ये बोल्ट एका हातानं सुटला. पोकळी पुसली, तेल लावलं, मेण दाबलं, पन्नास आकडे मोजले, काढलं. आला. तिरका वण, नखाजवळची चीर, सगळं. मी तो लोट्यात पाण्याखाली ठेवला. पाखरू परत बसवून बोल्ट असा आवळला की शण्मुगमला घाम फुटावा. मान डावीकडेच राहील असं बघितलं.

मग तिरडी उचलली. मला म्हातारा म्हणून खांदा देऊ दिला नाही. मी मागून चाललो, कावेरीपर्यंत, लोटा दोन्ही हातांत धरून. ऊन चढत होतं. वाटेत दोनदा नळावर थांबून लोट्यातलं पाणी बदललं.